वर्कशॉपमधलं जास्तीचं प्लास्टिक: ओळखा, कापा, कामाला लावा

खंडेनवमी जवळ आली की बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या कारखान्यांत झाडलोट सुरू होते. बाकाखाली, लेथच्या मागे, पत्र्याच्या कपाटावर वर्षभर साठलेलं सगळं बाहेर येतं. बिडाचा चूर, लोखंडाचे तुकडे, पितळ यांचं काय करायचं हे नव्या पोरालाही ठाऊक असतं, कारण त्यांना भाव आहे. घोळ होतो तो प्लास्टिकपाशी. कूलंटचे (धातू कापताना हत्यार गार ठेवणाऱ्या द्रवाचे) २० लिटरचे कॅन, तेलाचे ५ लिटरचे कॅन, ग्रीसच्या बादल्या, पीव्हीसी पाइपचे उरलेले तुकडे, मिग वेल्डिंगच्या वायरची रिकामी चाकं, लेथच्या हत्यारांना लावायच्या कार्बाइड टिपांच्या डब्या, हायड्रॉलिक फिटिंगवरची टोपणं. वडगाव-शहापूरच्या मागवाल्यांशी ओळख असेल तर सुताचे रिकामे कोन. चिकोडी-निपाणीकडे ऊस असेल तर ठिबकच्या जुन्या नळ्यांची वेटोळी. "राहू दे की, कधीतरी लागेल" म्हणत ते सगळं परत आत जातं.

रिकामा कॅन हातात धरून ‘याचं काय करता येईल’ असं विचारलं की कुंडीच सुचते. त्यापेक्षा बाकावर रोज कशाचा त्रास होतो ते आधी बघावं, आणि त्या कामाला कोणतं प्लास्टिक पुरं पडेल ते मग शोधावं. त्यात आकार दुय्यम, जात महत्त्वाची. एकाच मापाच्या दोन बादल्यांतली एक वर्षानुवर्षं आदळआपट सोसते, दुसरी एक उन्हाळा गच्चीवर काढला की बोटाने मोडते.

जात ओळखणं

तळाशी त्रिकोणात आकडा असतो. १ म्हणजे पेट, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई, ५ पॉलिप्रॉपिलीन म्हणजे पीपी, ६ पॉलिस्टायरीन, ७ बाकी सगळं. आपल्या कामात २, ३ आणि ५ यांच्याशीच बहुतेक गाठ पडते. तेल-कूलंटचे कॅन आणि निळी पिंपं सहसा एचडीपीई, रंगाच्या बादल्या बहुधा पीपी.

आकडा पुसला असेल तर नखाएवढा तुकडा कापून पाण्यात टाका. पाण्यात साबणाचा एक थेंब घाला, नाहीतर तुकड्याला बुडबुडे चिकटतात आणि जड प्लास्टिकही तरंगल्यासारखं दिसतं. एचडीपीई, एलडीपीई आणि पीपी तरंगतात, कारण त्यांची घनता ०.९० ते ०.९७ च्या घरात असते. पीव्हीसी आणि पेट १.३५ ते १.४५ च्या आसपास, ते सरळ तळ गाठतात. नायलॉन आणि पॉलिस्टायरीनही बुडतात, पण जरा रेंगाळत. तरंगणाऱ्यांपैकी एचडीपीई आणि पीपी यांतला फरक चाकूने कळतो. एचडीपीईचा कीस मेणासारखा गुळगुळीत निघतो आणि नखाने त्यावर ओरखडा उठतो. पीपी जास्त ताठ असतं, त्यावर नख सहज चालत नाही.

जाळून वास घेण्याची जुनी पद्धत सोडून द्या. पीव्हीसी तापलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. ती छातीला वाईट, आणि बंद शेडमध्ये लेथच्या बेडवर गंज चढवायलाही तेवढीच वाईट.

काय धुवायचं, कशाला हातच लावायचा नाही

फाउंड्रीत रेझिन आणि हार्डनर ज्या कॅनमधून येतात, प्लेटिंगवाल्यांकडे आम्ल ज्या पिंपांतून येतं, ते कितीही चांगले दिसले तरी या कामाचे नाहीत. आत काय होतं हे सांगता येत नाही असं पिंपही त्याच रांगेत. अशा माखलेल्या रिकाम्या पिंपांना २०१६ च्या घातक कचरा नियमांत धोकादायक कचराच मानलं आहे. ती अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवीत. थिनर किंवा पेट्रोलच्या कॅनला ग्राइंडर लावणं तर जिवावरचं काम. कॅन रिकामा असला तरी आत वाफ असते, एक ठिणगी पुरते.

तेल-कूलंटचे कॅन उलटे टांगून रात्रभर निथळू द्या. मग आत ओंजळभर लाकडाचा भुसा टाकून झाकण लावा आणि चांगलं हलवा. उरलेलं तेल भुशात बसतं. तो भुसा तेलकट चिंध्यांच्या झाकणाच्या डब्यात जातो. त्यानंतर गरम पाणी आणि भांड्यांचा साबण. पहिलं धुणं गटारात न सोडता वापरलेल्या कूलंटच्या पिंपात ओता. एवढं करूनही हे कॅन पिण्याच्या पाण्याला किंवा धान्याला कधीच चालत नाहीत. एचडीपीई तेल पिऊन घेतं, ते पुन्हा बाहेर येत राहतं. म्हणून कापायला घेतलेल्या कॅनवर आधीच तांबडी फुली मारलेली बरी; घरी कुणी उचलून नेत नाही.

कापणं आणि जोडणं

प्लास्टिक कापताना शत्रू एकच, उष्णता. ग्राइंडरच्या चकतीने ते कापलं जात नाही, वितळतं आणि मागे पुन्हा चिकटतं. हॅकसॉला जाड दाते, इंचाला १८ च्या आसपास. जिगसॉ असेल तर सर्वांत कमी वेगावर. पातळ भिंतीच्या कॅनला मजबूत कटर पुरतो. रेषेवरून दोन-तीन वेळा फिरवायचा, एका दमात कापायचं नाही.

आतला कोपरा काटकोनी ठेवू नका. चीर तिथूनच सुरू होते. प्रत्येक कोपऱ्यात आधी ८ मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि भोकापासून भोकापर्यंत कापायचं. भोकाला पायरीचं ड्रिल उत्तम, साधं ड्रिल पातळ भिंतीत घुसून ती फाडतं. कडेची बर (कापताना उठलेली खरबरीत कड) कानशीने घासत बसण्यापेक्षा कटरचं पातं उभं धरून खरवडली की लवकर निघते.

डिंकाच्या नादी लागू नका. एचडीपीई आणि पीपीला बाजारातला कोणताही साधा गोंद धरत नाही, फेविक्विकसुद्धा दुसऱ्या दिवशी सुटतं. तिथे नट-बोल्ट नाहीतर पॉप रिव्हेट, आणि दोन्ही बाजूंना मोठं वायसर. पीव्हीसीला मात्र त्याचं सॉल्व्हंट सिमेंट पक्कं धरतं.

कॅनचे ड्रॉवर

सगळ्यात जास्त उपयोगी पडणारं काम हे. ५ लिटरचा चौकोनी कॅन रुंद बाजूवर आडवा ठेवा, झाकण आणि हँडल आपल्याकडे. वरची रुंद बाजू कापून काढली की आडवा ट्रे तयार होतो आणि कॅनचं हँडल ड्रॉवरची मूठ होते. झाकण घट्ट लावूनच ठेवायचं, नाहीतर त्या तोंडातून वायसर सांडतात.

१. कापायची चौकट आखताना चारही बाजूंनी २५ मिलिमीटरची पट्टी सोडा. सगळी बाजू उडवली तर भिंती फाकतात आणि ट्रे रॅकमध्ये अडकतो. हँडलकडची पट्टी जरा जास्त, ४० मिलिमीटर, कारण ओढताना सगळा जोर तिथे येतो.

२. कोपऱ्यांत भोकं, मग कटरने रेषा, मग खरवडणं.

३. रॅकला २५ बाय २५ बाय ३ चा अँगल पुरतो. प्रत्येक ट्रेला दोन्ही बाजूंनी १० मिलिमीटर मोकळी जागा ठेवा. आज ट्रे बरोबर बसतो म्हणून माप आवळून घेतलं तर माल भरल्यावर पोट फुगतं आणि तो निघत नाही.

४. ट्रेखाली सलग फळी किंवा पत्रा द्या. नुसत्या दोन पट्ट्यांवर टेकवला तर महिन्याभरात मधे झोळ येतो. एचडीपीई कायमच्या भाराखाली हळूहळू वाकत राहतं, भार काढला तरी पूर्ण सरळ होत नाही. बोल्ट भरले तर लिटरमागे ३ ते ४ किलो वजन होतं हे लक्षात घेऊन ट्रे अर्ध्यापर्यंतच भरा.

५. लेबल. आपल्याकडे एका मशीनवर मराठी वाचणारा असतो, शेजारी कन्नड वाचणारा, आणि तिसरा बिहार-ओडिशाकडून आलेला. तीन लिप्यांत चिठ्ठ्या चिकटवाव्यात तर तेलाचा हात लागून आठवड्यात त्या काळ्या होतात. ट्रेच्या समोरच्या भिंतीला भोक पाडा आणि आत जो बोल्ट ठेवायचा तोच एक नट लावून तिथे आवळून टाका. वायसर असेल तर छोट्या बोल्टावर वायसर. नवा माणूसही पहिल्या दिवशी चुकत नाही.

२० लिटरच्या कॅनचाही असाच ट्रे होतो, पण त्यात लोखंड भरू नका. लिफ्टिंग बेल्ट, हातमोजे, रबरी नळी असा हलका आणि मोठा माल त्यात घाला.

कार्बाइड टिपांच्या डब्या या कामातल्या सर्वांत लहान भाऊ. टूल होल्डरचे स्क्रू आणि त्यांच्या चाव्या त्यात ठेवायच्या, झाकणावर होल्डरचं नाव. एवढं पुरे.

ठिबकच्या नळीचे धार-रक्षक

१६ मिलिमीटरची लॅटरल, म्हणजे पिकाच्या ओळीतून जाणारी ठिबकची नळी, शेतातून काढली की बांधावर पडून राहते. ती काळी असते काजळीमुळे, आणि त्या काजळीमुळेच ऊन सोसते. वर्कशॉपला ती सोन्यासारखी, फक्त लांबीने सरळ चिरता आली पाहिजे. हाताने चिरायला गेलं की रेषा नळीभोवती गोल फिरते आणि बोटही जातं. त्यासाठी छोटं जिग, म्हणजे नळी आणि पातं रेषेत धरणारा साचा, करून घ्या.

लाकडाचा १५० मिलिमीटर लांबीचा ठोकळा घ्या आणि आरपार लांबीने भोक पाडा, नळीपेक्षा अर्धा मिलिमीटर मोठं. मध्यावर वरून करवतीने लांबीच्या दिशेने खाच पाडा, भोकात उतरेल एवढीच खोल. त्या खाचेत कटरचं पातं तिरकं बसवा. त्याचं टोक भोकात ३ मिलिमीटर यावं, जास्त नको. नळीची भिंत साधारण एकच मिलिमीटर असते, पातं पलीकडची बाजू कापता कामा नये. पात्याच्या पुढे, नळी बाहेर पडते त्या बाजूला, १ मिलिमीटर पत्र्याचा छोटा पंख त्याच रेषेत ठोका. चिरलेली फट त्या पंखावरून सरकते आणि नळी फिरत नाही. हा पंख टाळला तर जिग केल्याचा काहीच उपयोग नाही.

आता नळीचं टोक हाताने बोटभर चिरून जिगमधून घाला, दुसऱ्या बाजूने पकडीने धरून सरळ ओढा. इनलाइन नळी असेल तर आत ठरावीक अंतरावर ड्रिपर बसवलेले असतात, पातं त्यावर अडतं. बाहेरून चाचपून ड्रिपर कुठे आहे ते कळतं, ते तेवढे तुकडे आधीच कापून बाजूला काढा. नळीत खताचे क्षार साचलेले असतात, ते पाणी मारून धुऊन घ्या.

चिरलेली नळी पत्र्याच्या कडेवर बसवा. कापलेले पत्रे टेम्पोत चढवताना तळहात फाटतात ते थांबतं. करवतीचे दाते, पटाशीची धार, गॅस कटिंगने निघालेली धारदार कड, सगळ्यांवर चालते. बादलीच्या तारेच्या कडीवर घातली की बोटांत रुतत नाही. ऊसतोडीच्या कोयत्यालाही हीच म्यान. पातं वाकडं असलं तरी नळी वळते. घट्ट बसत नसेल तर नळी मिनिटभर उकळत्या पाण्यात धरा, मऊ असतानाच चढवा, थंड झाली की धरून बसते.

पीव्हीसी पाइपचे तुकडे

उभे, तिरके, आडवे, पाइपचे होल्डर सगळ्यांनी केलेले असतात, त्यावर वेळ घालवत नाही. ११० चा पाइप ड्रिल मशीन टांगायला, ४० आणि ५० चे पाने आणि कानशी ठेवायला. टिग वेल्डिंगच्या १ मीटरच्या फिलर रॉडना ५० च्या पाइपचा तुकडा आणि दोन्ही टोकांना टोपी, म्हणजे धूळ-दमट हवा लागत नाही. लो हायड्रोजन वेल्डिंग रॉड मात्र अशा पाइपवर विसंबून ठेवू नका, त्यांना गरम ओव्हनच लागतो.

पाइपची चकती कापून केलेली पकड तुलनेने कमी लोक करतात. २० मिलिमीटर रुंदीची चकती कापा, तिच्या परिघाचा तिसऱ्या हिश्शापेक्षा किंचित कमी भाग काढून टाका आणि पाठीमागून एका स्क्रूने भिंतीला लावा. झाडू, हवेची नळी, लांब पाना त्यात टकदिशी बसतो आणि ओढला की निघतो.

पाइप सपाट करून पत्रा काढायचा असेल तर तो आधी लांबीने चिरा. पीव्हीसी ८० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं, १२० च्या आसपास कापडासारखं वळतं. हॉट एअर गन लांबून, फिरवत धरा. एका जागी थांबली की पिवळा डाग पडतो, तो जळण्याची सुरुवात असतो. १५० च्या वर न्यायचंच नाही. दारं उघडी, पंखा पाठीमागून. मऊ झालेला तुकडा दोन सपाट प्लेटांमध्ये दाबून थंड होऊ द्या. याचे टेम्प्लेट छान होतात, खुणेची सुई त्यावर घसरत नाही. पाइप वाकवायचा असेल तर आत कोरडी वाळू गच्च भरून दोन्ही टोकं बंद करा, म्हणजे वळणावर चपटत नाही.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. पीव्हीसी पाइपमधून कॉम्प्रेसरची हवा नेऊ नका. पाण्याचा दाब सोसतो म्हणून हवेचाही सोसेल असं नसतं. हवा दाबली जाते, त्यामुळे पाइप फुटला की तडा जाऊन थांबत नाही, धारदार तुकडे उडतात. स्वस्त पडतो म्हणून शेडभर पीव्हीसीची एअर लाइन फिरवलेली दिसते, ती पहिल्यांदा काढा.

झाकणं वितळवून एचडीपीईचा ठोकळा

हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्त करणाऱ्यांना याचं मोल लगेच कळेल. क्रोम केलेला पिस्टन रॉड व्हाइसमध्ये धरला की जबड्याचा व्रण उठतो, आणि त्या व्रणाने नवं सील कापलं जातं. पितळेचे मऊ जबडे चालतात, एचडीपीईचे त्याहून बरे. थ्रेडवर, घासून गुळगुळीत केलेल्या शाफ्टवर, ॲल्युमिनियमवर कुठेच खूण पडत नाही.

लागणारा माल: एचडीपीईची झाकणं, कॅनच्या कापलेल्या बाजू, ड्रॉवर करताना उरलेला कीस. पाण्याच्या बाटल्यांची झाकणं बहुतेक एचडीपीई असतात, पण आतला आकडा बघा. त्यांत पीपी मिसळलं तर ठोकळा थरांवर सुटतो. झाकणाच्या आतली मऊ चकती काढून टाका. ३० बाय १५ सेंटिमीटर आणि २ सेंटिमीटर जाडीच्या ठोकळ्याला साधारण ८५० ग्रॅम माल जातो. बाटल्यांच्या झाकणांच्या हिशेबात चारशेच्या आसपास.

जुना ओटीजी ओव्हन घ्या, जो पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही. शेडच्या बाहेर किंवा दारात ठेवा. ओव्हनचा काटा खोटं बोलतो, म्हणून आत वेगळा थर्मामीटर हवा. एचडीपीई १३० अंशांना वितळतं, पण तो गोळा मळण्याइतका मऊ व्हायला १७० ते १८० लागतात. धूर किंवा उग्र वास आला तर तापमान लगेच उतरवा; एचडीपीईला धूर यायचं काही कारण नसतं, म्हणजे त्यात दुसरं काहीतरी आलं आहे.

लोखंडी ट्रेवर बेकरीत वापरतात तो सिलिकॉन लावलेला कागद अंथरा. माल एकदम टाकू नका, तीन-चार हप्त्यांत टाका. पहिला थर बसला की पुढचा. सगळं मऊ झालं की घट्ट कुंद्यासारखा गोळा होतो. चामड्याचे जाड हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून तो पीळ देत दाबा, दुमडा, पुन्हा पाच-दहा मिनिटं ओव्हनमध्ये, पुन्हा पीळ. आतली हवा यानेच बाहेर पडते. वितळलेलं प्लास्टिक कातडीला लागलं तर चिकटून बसतं, ओढून काढायचं नाही. लगेच वाहत्या गार पाण्याखाली हात धरायचा आणि दवाखाना गाठायचा.

गोळा लोखंडी चौकटीत टाका, वर जाड प्लेट आणि चार क्लॅम्प. इथे घाई करणाऱ्याचा ठोकळा वाकडा होतो. थंड होताना एचडीपीई शंभराला दोन ते चारने आकसतं, त्यामुळे क्लॅम्प सैल पडत जातात. पहिला तासभर दर दहा मिनिटांनी ते आवळत राहा. मग रात्रभर तसंच ठेवा, पाणी मारून गार करू नका.

दुसऱ्या दिवशी मिलिंगवर घ्या. टूल धारदार हवं, लाकडाला लावतो तसं. बोथट टूल कापण्याऐवजी घासतं. कूलंट लागत नाही, हवेची फुंकर पुरते. लेथवर घेतलं तर कीस लांब दोरीसारखा निघून चकभोवती गुंडाळतो. तो हाताने ओढायचा नाही, मशीन थांबवूनच काढायचा. माप घेण्याआधी तुकडा थंड होऊ द्या.

व्हाइसच्या जबड्यासाठी १८ ते २० मिलिमीटर जाडीचे दोन तुकडे करा. प्रत्येकाच्या मागच्या अंगाला वरून एक पायरी सोडा, म्हणजे तो जबड्यावर टांगून राहतो, स्क्रू लागत नाही. गोल रॉडसाठी समोरच्या बाजूला उभी व्ही खाच पाडा. उरलेल्या तुकड्यांतून मऊ हातोडीचं डोकं, ड्रिल मशीनखाली ठेवायचा ठोकळा, सरकत्या दाराचे हळू फिरणारे बुश निघतात. वेगाने फिरणाऱ्या किंवा ८० अंशांवर तापणाऱ्या जागी हा माल नको. निघालेला कीस पुढच्या ठोकळ्यासाठी पोत्यात.

चाकं, कोन, टोपणं, बाटल्या

मिग वायरचं १५ किलोचं प्लास्टिकचं चाक ३०० मिलिमीटर व्यासाचं असतं, मधलं भोक सुमारे ५२ मिलिमीटर. त्यात ५० च्या पाइपचा तुकडा आस म्हणून चालतो, आणि हवेची नळी किंवा एक्स्टेन्शन केबल गुंडाळायला हक्काचं रीळ मिळतं. केबल असेल तर वेल्डिंग मशीनसारखा मोठा भार लावताना ती पूर्ण उलगडायची. गुंडाळलेली केबल आतल्या आत तापते आणि इन्सुलेशन वितळतं.

मागावरचे प्लास्टिकचे कोन रंगकामाला घ्या. चार कोन फळीवर उभे करून त्यांच्या टोकांवर वस्तू टेकवली की पाच बाजू एका वेळी रंगवता येतात आणि खाली ठिपक्याएवढाच डाग राहतो. कोन घट्ट बसवायला फळीत खिळे ठोका.

हायड्रॉलिक पोर्टवरची टोपणं मापाप्रमाणे वेगळी करा: पाव इंच, तीन अष्टमांश, अर्धा इंच. दुरुस्तीला पाइप उघडला की पहिल्यांदा टोपण. पण ती रॉकेलने धुऊन, झाकणाच्या डब्यात ठेवलेलीच वापरा. बाकावरच्या धुळीतलं टोपण लावण्यापेक्षा पोर्ट उघडा ठेवलेला बरा. मशीन सुरू करण्याआधी ती सगळी निघाली की नाही ते मोजून बघा, दाबाखाली ती गोळीसारखी उडतात.

पेट बाटली फुगवताना तिचं प्लास्टिक ताणलेलं असतं, आणि ताप लागला की ते परत आकसायला बघतं. याचा फायदा घ्या. बाटलीच्या सरळ भागातून ३० मिलिमीटरचं कडं कापा, कानशीच्या तडकलेल्या मुठीवर चढवा आणि हॉट एअर गन फिरवत ठेवा. काही सेकंदांत ते चामड्यासारखं आवळलं जातं. मूठ आधी खरबरीत केली तर घसरत नाही. हातोडीच्या दांड्याला मात्र हे करू नका, तिथे दांडाच बदलायचा.

पावसाळ्यासाठी बादल्या

जूनपासून खानापूर-जांबोटीकडे पाऊस लागला की शेडमधली हवाच ओली होते आणि बेळगावातही मायक्रोमीटर, स्लिप गेज, आटे पाडायचे नवे टॅप यांच्यावर तांबूस ठिपके उमटतात. झाकणात रबरी रिंग असलेली रंगाची किंवा ग्रीसची बादली यावर उत्तम इलाज आहे. स्वच्छ धुऊन एक दिवस पूर्ण वाळवा, आत तेल लावलेलं हत्यार कागदात गुंडाळून ठेवा आणि जाळीच्या पिशवीत मूठभर सिलिका जेल टाका. निळं जेल गुलाबी झालं की ओलं झालं. ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवलं की पुन्हा निळं होतं आणि पुन्हा चालतं. झाकण आठवड्यातून एकदाच उघडायचं ठरवा, दिवसातून दहा वेळा उघडलं तर जेलचा उपयोग नाही.

पिंपाचा पत्रा

ज्यात धोकादायक माल कधीच नव्हता अशा २०० लिटरच्या पिंपाच्या भिंतीतून पावणेदोन मीटर लांबीचा पत्रा निघतो. लेथच्या मागे कूलंट उडतो त्या भिंतीला तो लावता येतो. लावताना भोकं गोल न ठेवता लांबट ठेवा आणि स्क्रू गच्च आवळू नका. एचडीपीई मीटरला अंशामागे सुमारे ०.१५ मिलिमीटर वाढतं. पत्र्याच्या शेडमध्ये पहाट आणि दुपार यांत २० अंशांचा फरक पडला तर एका मीटरला ३ मिलिमीटर. जखडून ठेवलेला पत्रा फुगून भिंतीपासून सुटतो. ग्राइंडर आणि वेल्डिंगच्या ठिणग्या जिथे पडतात तिथे हा पत्रा नको, एचडीपीई मेणबत्तीसारखं थेंब गाळत जळतं. ग्राइंडरचं गार्ड किंवा चेहऱ्याचं कवच कुठल्याही भंगार प्लास्टिकमधून बनवू नका, तिथे त्याच कामासाठी बनवलेलं, खरेदी केलेलंच लागतं.

उरेल ते

एवढं करूनही निम्म्याहून जास्त माल उरतो. त्यासाठी एकच क्रेट ठेवा. तो भरला की नवं काही आत घ्यायच्या आधी जुनं बाहेर काढायचं. भंगारवाल्याला देताना एचडीपीई, पीपी आणि पीव्हीसी तीन पोत्यांत वेगळं भरा, प्रत्येक पोत्यावर मार्करने २, ५, ३ लिहा. मिसळलेल्या पोत्याला तो सगळ्यात स्वस्त मालाचा भाव लावतो. धातूची कडी, रबरी रिंग, कागदी लेबल आधीच काढलेलं असेल तर घासाघीस कमी होते. तेलाने माखलेले, न धुतलेले कॅन या पोत्यांत घालू नका. एक कॅन पूर्ण पोत्याचा भाव पाडतो.